उशी-रा सुचलेलं शहाणपण

उशी धुवायची असते का? असली तर कोणती आणि कशी? एका पावसाळी रविवारी घातलेला घोळ निस्तरायला मला थेट खामगाव गाठावं लागलं, त्याची ही गोष्ट. सोबत तुमच्या उशीचं वाटोळं होऊ नये म्हणून थोडा होमवर्क.

‘उशी किती जुनी आहे?’ डॉक्टरांनी विचारलं.

मी मनातल्या मनात हिशेब केला. पुण्यात मास कॉमला अॅडमिशन घेतली तेव्हाची. म्हणजे दहा वर्षं झाली की!

‘आणि शेवटची धुतली कधी?’

‘अभ्रा दर रविवारी धुते,’ मी अभिमानाने सांगितलं.

‘अभ्रा नाही. उशी.’

मी गप्प. गेले दोन महिने रोज सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका, डोळ्यांना खाज, नाक बंद. ऑफिसमध्ये सकाळी मीटिंगला बसायचं तर रुमालाची घडी हातात ठेवूनच. धूळ, पोल्युशन, एसी असं करत मी अख्ख्या शहराला दोष देऊन झाला होता. डॉक्टरांचा संशय मात्र माझ्या डोक्याखालच्या वस्तूवर होता. एकतर नीट साफ करा नाहीतर बदला, असं त्यांनी सांगितलं. बदलायचा प्रश्नच नव्हता. ती उशी आजीने भरून दिलेली. खामगावजवळच्या आमच्या गावातली, घरच्या शेतातल्या कापसाची. पट्ट्यापट्ट्यांची जाड खोळ, चारी बाजूंनी हाताची शिलाई. हॉस्टेल, पीजी, तीन भाड्याचे फ्लॅट आणि एक ब्रेकअप, या सगळ्यात माझ्यासोबत कोण टिकलं असेल तर ती उशी.

बदलायची नाही, तर मग धुवायची. आणि कोणती उशी कशी धुवायची, हे विचारायचं सोडून मी ती सरळ वॉशिंग मशीनमध्ये कोंबली.

मशीन चालू लागलं, खरंच चालू लागलं!

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग स्पिन सुरू झाला आणि मशीन धडधडत बाल्कनीच्या दाराकडे सरकू लागलं. फ्लॅटमेट झोपेतून धावत आली. दोघींनी मिळून बटण बंद केलं, झाकण उघडलं, तर आत एका बाजूला चिकटून बसलेला पाण्याने टम्म झालेला गोळा. दीड-एक किलोची उशी दोघींना मिळून उचलावी लागली.

पुढचे तीन दिवस ती पंख्याखाली होती. बाहेर पुण्यातला जुलै, म्हणजे ऊन नावालाही नाही. चौथ्या दिवशी खोळ हाताला कोरडी लागली म्हणून मी उशीवर डोकं टेकवलं. आत बटाटे भरल्यासारखं वाटलं. मधे दोन मोठे कडक गोळे, कडेला चार छोटे आणि उरलेली नुसती रिकामी खोळ. मी ती माळ्यावर टाकली आणि दुकानातून पॉलिएस्टरची उशी आणली. गणपतीच्या सुमारास माळा उघडला तेव्हा कुबट वासाने सगळं सांगून टाकलं.

चीड आणणारी गोष्ट म्हणजे त्याच महिन्यात फ्लॅटमेटने तिची उशी त्याच मशीनमध्ये धुतली आणि ती मस्त फुगून बाहेर आली. असं का?

दोष कापसाचा नाही, आपला

कारण साधं आहे. तिची उशी पॉलिएस्टरच्या धाग्यांची होती. पॉलिएस्टरचा तंतू पाणी जवळजवळ पीतच नाही. पाणी तंतूंच्या मधल्या जागेत साठतं आणि निथळून जातं. शिवाय हे तंतू मुद्दाम कुरळे केलेले असतात, त्यामुळे दाब गेला की पुन्हा उसळी घेतात. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तो साध्या हवेतूनही वजनाच्या सात-आठ टक्के ओल ओढून घेतो. पाण्यात बुडवला की तंतू फुगतात, एकमेकांत अडकतात. सुकताना तंतूंमधलं पाणी त्यांना आणखी जवळ खेचतं आणि घट्ट गोळा तयार होतो. मशीन तर ओल्या कापसाला घुसळून हे काम फारच मन लावून करतं.

तुम्ही म्हणाल, मग कॉटनचे शर्ट कसे धुतो आपण? शर्टात तोच कापूस पीळ देऊन सूत केलेला आणि विणून बांधलेला असतो. जागचा हलायला त्याला वावच नाही. खरं तर ओल्या कापसाचा धागा कोरड्यापेक्षा जास्त मजबूत असतो. पण उशीत कापूस मोकळा असतो. मोकळा आहे म्हणूनच ती मऊ लागते, आणि मोकळा आहे म्हणूनच धुतली की बिघडते.

दुसरा घोटाळा सुकण्याचा. गोळ्याच्या बाहेरचा थर लवकर सुकतो आणि आतली ओल कोंडून राहते. कोंडलेली ओल, अंधार आणि कापूस, बुरशीला आणखी काय हवं? म्हणजे शिंका कमी करायला निघालेल्या मी घरात शिंकांची नवी फॅक्टरी टाकली होती.

कापसाच्या गावची मुलगी

दिवाळीला महाराष्ट्र एक्स्प्रेसने शेगाव आणि तिथून खामगाव. सोबत बॅग, लॅपटॉप आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ती उशी. शेगावात उतरून कचोरी खाल्ली, तेवढाच धीर.

खरं तर या गोष्टीतली सगळ्यात लाजिरवाणी बाब हीच. उशीबद्दल मला काही कळत नाही हे ठीक, पण मी खामगावकडची! अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. त्या तेजीत खामगाव ही वऱ्हाडातली बडी कापूसपेठ झाली. इतकी की, जलंब ते खामगाव ही छोटीशी रेल्वे लाइन खास कापसासाठी टाकली गेली आणि 1870 मध्ये तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. आज लोक खामगावला चांदीसाठी ओळखतात आणि बुलडाणा जिल्ह्यातल्या पुष्कळ शेतांत कापसाच्या जागी सोयाबीन आलंय. तरी दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणाऱ्या बाया आणि जिनिंगकडे निघालेल्या, वरपर्यंत भरलेल्या गाड्या आजही दिसतात. अशा मातीतली मुलगी कापूस मशीनमध्ये घालते!

आजीने पिशवी उघडली. उशी दाबून पाहिली, नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघितलं.

‘कापूस कोनी पान्यात घालते का व माय?’

मी डॉक्टर, शिंका, अॅलर्जी असं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

‘मंग उन्हात काऊन नाही टाकली?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहा वर्षांत त्या उशीला मी एकदाही ऊन दाखवलं नव्हतं.

तीन ढीग

दुसऱ्या दिवशी आजीच्या ओळखीच्या गादीवाल्या चाचांकडे गेलो. पत्र्याचं छोटं दुकान, बाहेर गाद्यांच्या खोळी टांगलेल्या, आत पिंजायचं मशीन. चाचांचे वडील आणि आजोबा पिंजारी. खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे. लांबून तातेचा टुंग टुंग आवाज आला की बाया गाद्या-उशा अंगणात काढायच्या, असं आजी सांगत होती. आता ते पिंजण दुकानाच्या भिंतीवर, खिळ्याला टांगलेलं.

चाचांनी उशीची शिलाई उसवली आणि आतला माल चादरीवर ओतला. मी बघत राहिले. वरचा कापूस पांढरा, पण आत जावं तसा पिवळट, आणि सगळ्यात मोठ्या गोळ्याच्या पोटात काळे ठिपके. चाचांनी न बोलता तीन ढीग केले. पहिला, पांढरा आणि मोकळा. दुसरा, पांढरा पण गोळे झालेला. तिसरा, डागाळलेला.

‘हा फेकाचा,’ तिसऱ्या ढिगाकडे बोट दाखवून ते म्हणाले. ‘बुरशी लागली बेटा. पिंजला त सगळ्यात मिसळन.’

तिसरा ढीग जवळजवळ निम्मा होता. आजीच्या त्या वर्षीच्या पिकातला निम्मा कापूस मी एका रविवारी संपवला होता. मला खरंच रडू आलं. आजी मात्र दुसऱ्या ढिगातले गोळे बोटांनी सोडवायला बसलीसुद्धा.

‘अर्धी त राह्यली ना,’ ती म्हणाली.

उरलेला कापूस दोन दिवस गच्चीवर उन्हात पसरला. सकाळ-संध्याकाळ उलटापालटा करायचा, गोळे हाताने विंचरायचे, रात्री आत घ्यायचा. मग तो मशीनमध्ये गेला आणि पलीकडून ढगासारखा बाहेर आला. पिंजणं म्हणजे नेमकं काय? अडकलेले तंतू एकमेकांपासून सोडवून मधे पुन्हा हवा भरणं. उशी मऊ असते ती या हवेमुळे. दर पिंजणीला बारीक तंतू तुटून थोडी तूट येते, म्हणून प्रत्येक वेळी थोडी नवी रुई घालतात. माझ्या उशीत मात्र ती निम्मी घालावी लागली. खोळ वेगळी धुऊन कडक वाळवली आणि चाचांनी ती भरून टाके घातले. सगळा खर्च मिळून एका ब्रँडेड उशीपेक्षा कमीच आला.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. मशीन सुरू करताना चाचा तोंडाला पंचा गुंडाळत होते आणि तरी मधे मधे खोकत होते. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. जिनिंगमध्ये, गिरण्यांमध्ये आणि पिंजणाऱ्यांमध्ये तो दिसतो. चाचांना तो आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण चार शिंकांसाठी डॉक्टर गाठणारी मी त्या खोकल्यापुढे जरा ओशाळले. पुण्याला परतण्याआधी त्यांना चांगल्या मास्कचं पाकीट देऊन आले. मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे, तो या धंद्यात येणार नाही, असं ते म्हणाले. त्या आवाजात वाईट वाटणं कमी आणि सुटका जास्त होती.

आधी ओळखा, मग धुवा

आता तुमच्या उशीकडे वळू. पहिला नियम असा, की आत काय आहे हे कळल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. लेबल असेल तर वाचा. नसेल तर शिलाईचे दोन टाके उसवून बघा. जड, मऊ, किंचित पिवळसर माल म्हणजे कापूस. हलका, चकचकीत आणि दाबला की उसळणारा म्हणजे पॉलिएस्टर किंवा मायक्रोफायबर. रेशमासारखा मऊ आणि फुंकर मारली की उडणारा म्हणजे सावरीचा कापूस. एकसंध ठोकळा म्हणजे फोम किंवा लॅटेक्स.

पॉलिएस्टर आणि मायक्रोफायबर: या उशा बिनधास्त धुवा, वर्षातून दोन-तीनदा. मशीनमध्ये एकटी उशी टाकू नका. दोन टाका, म्हणजे ड्रमचा तोल राहतो आणि मशीन फिरायला निघत नाही. फ्रंट लोड असेल तर उत्तम. टॉप लोडच्या मधल्या खांबाला उशी गुंडाळली जाऊ शकते, म्हणून दोन उशा दोन बाजूंना उभ्या ठेवा. कोमट पाणी, जंटल सायकल आणि लिक्विड डिटर्जंट, तेही नेहमीपेक्षा निम्मं. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ हा आपला गोड गैरसमज आहे. उशीत अडकलेला साबण धूळ धरतो आणि उशी चिकट होते. म्हणून एक रिन्स जादा द्या. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने तंतूंची उसळी मरते. घामाचे पिवळे डाग असतील तर त्यावर आधी थोडं लिक्विड लावून अर्धा तास ठेवा.

हाताने धुणार असाल तर बादलीत दाबून दाबून धुवा, पिळू नका. पिळली की आतला भराव तुटतो आणि सरकतो. श्रीखंडासाठी चक्का निथळायला ठेवतो ना, तसं पाणी आपलं आपण जाऊ द्या. नंतर जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा.

पिसांची उशी: धुता येते, पण ती पटकन सुकली पाहिजे, नाहीतर वास मारते. ड्रायर मिळणार असेल तरच हात घाला. ड्रायरमध्ये सोबत दोन स्वच्छ टेनिस बॉल टाका. ते आपटत राहतात आणि गोळे फुटतात. ही युक्ती पॉलिएस्टरलाही चालते.

मेमरी फोम: पाण्यात मुळीच नाही. हा फोम 1966 मध्ये नासाच्या संशोधनातून विमानातल्या सीटसाठी तयार झाला. दाब झेलण्यात तो वस्ताद, पण ओला झाला की स्पंजसारखा पाणी धरतो आणि उचलताना फाटतो. खोळ काढून धुवा, फोमवरून व्हॅक्यूम फिरवा, डाग ओल्या फडक्याने टिपा आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हात फोम पिवळा पडून भुगा होऊ लागतो. लॅटेक्सलाही हेच लागू.

सावरीचा कापूस: या तंतूवर मेणाचा थर असतो आणि तो आतून पोकळ असतो. पाण्यावर तो तरंगतो. याच जातकुळीचा कापोक एकेकाळी लाइफ जॅकेटमध्ये भरत असत. पण तंतू आखूड आणि ठिसूळ. धुतला तर गोळे, पिंजला तर भुगा. त्याला फक्त ऊन दाखवा आणि हलकेच थोपटा.

आणि आपला साधा कापूस: आजीचं वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवा. कापूस पाण्यात घालायचा नाही. ऊन द्यायचं, झटकायचं, आणि गोळे वाटू लागले की पिंजून घ्यायचं. फार डाग पडले असतील तर शिलाई उसवून खोळ रिकामी करा, फक्त खोळ धुवा आणि नव्याने भरून घ्या. पुण्या-मुंबईतही जुन्या भागात गादी कारखाने अजून सापडतात.

सुकली की नाही?

माझं सगळं गणित इथेच चुकलं होतं. बाहेरून कोरडी म्हणजे कोरडी नव्हे. उशी मधोमध दोन्ही हातांनी दाबून धरा. आत गार लागलं तर ओल आहे. त्याहून सोपी ट्रिक स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची. धुण्याआधी उशीचं वजन लिहून ठेवा. पुन्हा त्याच आकड्यावर आली की सुकली. उशी दोरीवर एका कोपऱ्याने टांगू नका, भराव खाली घसरतो. खाटेवर किंवा कपड्यांच्या स्टँडवर आडवी ठेवा आणि दर दोन तासांनी उलटा. आणि एक विनंती. जून ते सप्टेंबर हा उद्योग टाळा.

ऊन नेमकं काय करतं?

डॉक्टरांनी ज्यांच्यावर संशय घेतला ते डस्ट माइट्स मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढे. डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या त्वचेचा झडलेला कोंडा हे त्यांचं जेवण. ते पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून जगतात. म्हणून दमट हवा त्यांना मानवते आणि कोरडी हवा त्यांना मारते. अॅलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रोटीनची.

आता आजीची पद्धत बघा. मे महिन्यात बुलडाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात पारा 42-43 अंशांपर्यंत चढतो आणि हवा ठणठणीत कोरडी. अशा उन्हात दिवसभर पडलेल्या उशीत माइट्सना ना ओल मिळते ना गारवा. मग काठीने झोडपलं की मेलेले माइट्स आणि त्यांचा कचरा धुळीबरोबर बाहेर. हे दुसरं काम महत्त्वाचं, कारण उन्हाने माइट मरतात, पण अॅलर्जी करणारं प्रोटीन तिथेच राहतं. झोडपताना मात्र तोंडाला रुमाल बांधा. अॅलर्जी असेल तर हे काम दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

शहरातल्या फ्लॅटमध्ये एवढं ऊन नसेल तर निदान अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा. त्या तापमानाला माइट्स टिकत नाहीत. उशीवर घट्ट विणीचं, चेन असलेलं कव्हर घाला. आणि रात्री केसांना तेल लावून झोपायची सवय असेल तर त्या दिवशी वर जुना टॉवेल टाका.

माझ्या शिंका पूर्ण गेल्या, असं म्हटलं तर खोटं होईल. पण पंधरावरून तीन-चारवर आल्यात आणि सकाळच्या मीटिंगमध्ये माझं वाक्य आता पूर्ण होतं. उशी मूळची राहिलेली नाही. तिच्यात निम्मा आजीच्या शेतातला कापूस आहे आणि निम्मा चाचांच्या दुकानातला. डोकं टेकलं की फरक कळत नाही.

मे उजाडला की मात्र फोन येतो. ‘उन्हात टाकली काय व?’ आजी आधी उशीची चौकशी करते, मग माझी.

चौकट: पटकन आठवायचं तर

• कापूस आणि सावर: पाणी नको, ऊन हवं.
• पॉलिएस्टर: कोमट पाणी, निम्मं डिटर्जंट, जादा रिन्स, दोन उशा एकत्र.
• फोम आणि लॅटेक्स: पाणी नको, कडक ऊनही नको.
• पिसं: ड्रायर असेल तरच.
• पॉलिएस्टरची उशी मधोमध दुमडून सोडा. ती परत सरळ झाली नाही तर धुवून उपयोग नाही, नवी घ्या.
• कुबट वास किंवा काळे ठिपके दिसले तर तो भराव फेका. पिंजून वाचवायला जाऊ नका.